चाळिशीतलं कॉलेज आणि पैशाचं वेळापत्रक

कॉलेजच्या फीची पावती नीट वाचणारा विद्यार्थी विरळा. अठरा वर्षांच्या मुलाला ती वाचायची गरजही नसते, कारण पैसे घरून आलेले असतात. पण सदतीस-अडतिसाव्या वर्षी, बारावीच्या जुन्या मार्कशीटवरची धूळ झटकून पुन्हा प्रवेश घेणाऱ्याने ती पावती ओळीओळीने वाचावी. सगळ्यात मोठा आकडा शिकवणी शुल्काचा. त्याखाली बारीक रकमांची रांग: प्रवेश शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, विद्यापीठाची पात्रता फी आणि तळाशी अनामत. सरकारी सवलत मिळाली तर ती मुख्यतः शिकवणी शुल्काला, काही योजनांत परीक्षा शुल्कालाही. मधली रांग बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. अनामत परत मिळते, पण मागितली तर आणि पावती दाखवली तर. परीक्षेचं शुल्क या पावतीवर अनेकदा नसतंच. ते प्रत्येक सत्राच्या फॉर्मबरोबर वेगळं भरायचं, म्हणजे वर्षातून दोनदा. राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरायचे झाले तर त्याचे पैसे आणखी वेगळे.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. पिंपरी-चिंचवडमध्ये एका खासगी दवाखान्यात रिसेप्शन सांभाळणारी बाई, वय सदतीस. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण थांबलं. तिचा पगार १६,००० रुपये, नवऱ्याचा २४,०००. थोरली मुलगी दहावीत, धाकटा सातवीत. हिला बी.कॉम. करायचंय, कारण दवाखान्याच्या हिशेबाचं काम तीच करते आणि पगार मात्र रिसेप्शनिस्टचा घेते. सकाळच्या सत्रातलं कॉलेज मिळालं. फी समजा १४,०००, दोन सत्रांचं परीक्षा शुल्क ३,०००, पुस्तकं अडीच हजार, जाण्यायेण्याचे महिन्याला ८०० म्हणजे दहा महिन्यांचे ८,०००. एकूण २७,५००. बाराने भागलं तर महिन्याला २,३०० च्या आसपास.

चाळीस हजारांच्या घरात २,३०० रुपये जड आहेत, पण अशक्य नाहीत. मग अडचण कुठे येते? ती येते जूनमध्ये. या २७,५०० पैकी फी आणि पुस्तकं मिळून साडेसोळा हजार एकदम जून-जुलैत जातात. त्याच महिन्यांत मुलीच्या क्लासचा पहिला हप्ता, मुलाची शाळेची फी, दोघांच्या वह्या-दप्तरं-गणवेश, आणि भाड्याचं घर असेल तर कधी नेमकं करार नूतनीकरणाचं भाडंही. वर्षाला पुरणारा पैसा त्या एका महिन्यात पुरत नाही. तेव्हा जो पर्याय आधी हाताला लागतो तो उचलला जातो, आणि आधी हाताला लागणारा पर्याय बहुधा सगळ्यात महाग असतो. प्रौढ विद्यार्थ्याचं कॉलेज सुटतं ते अभ्यासामुळे क्वचित. जास्त वेळा जूनच्या या तोंडमिळवणीत किंवा जानेवारीत एखादं आजारपण निघालं म्हणून सुटतं.

म्हणून कॉलेजची तयारी फॉर्म मिळाल्यावर सुरू न करता आदल्या वर्षीच्या जुलैत करावी. महिन्याला २,३०० रुपयांची बँकेतली आवर्ती ठेव उघडायची आणि तिची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपेल असं बघायचं. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही. बँका सहा महिन्यांपासूनच्या ठेवी देतात. यात व्याज मिळतं ते नगण्य, त्यासाठी कोणी हे करतही नाही. पैसा घरखर्चाच्या खात्यातून बाहेर पडतो, एवढाच फायदा. घरखर्चाच्या खात्यात ‘कॉलेजचे म्हणून ठेवलेले’ पैसे टिकत नाहीत, हे कोणत्याही गृहिणीला सांगावं लागत नाही. दिवाळीचा बोनस मिळत असेल तर तो दुसऱ्या सत्राच्या फॉर्मसाठी आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या आडवेळी लागणाऱ्या खर्चासाठी आधीच बांधून टाकावा. बोनस हातात पडल्यावर हा विचार सुचत नाही.

यात एक खर्च अजून धरलाच नाही: बुडणारा पगार. नियमित कॉलेजसाठी नोकरी सोडली तर या बाईचे वर्षाला १,९२,००० रुपये जातात. चौदा हजारांच्या फीपुढे हा आकडा इतका मोठा आहे की खरा निर्णय फीचा नसतोच, वेळेचा असतो. सकाळी सात ते साडेदहा कॉलेज आणि अकरापासून काम, असं जमवणारी माणसं शहरांत पुष्कळ आहेत. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं, दिल्लीचं इग्नू १९८५ सालचं. इग्नूचं बहुतेक अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, प्रवेश न घेताही. प्रवेशाआधी एखादा विषय झेपतो का, हे चाचपायला याहून स्वस्त मार्ग नाही. ‘बाहेरून केलेल्या’ पदवीला नाकं मुरडणारे अजूनही भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. मात्र ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर सगळं अडलेलं आहे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही आहेत का, हे फी भरण्याआधी बघावं. वकिली, अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी या गोष्टी दूरस्थ पद्धतीने चालत नाहीत. कोणी घरबसल्या देऊ करत असेल तर पैसे घेऊन पळायची तयारी समजावी.

मुक्त विद्यापीठाचा एक तोटा प्रवेश घेतल्यानंतरच लक्षात येतो. बऱ्याच शिष्यवृत्ती आणि फीसवलती नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमांनाच लागू असतात. म्हणजे फी कमी, पण सवलतही कमी. हिशेब करताना दोन्ही पारड्यांत आकडे घालून बघावं. पगार टिकणार असेल तर मी मुक्त विद्यापीठाच्या बाजूने कौल देईन.

शिष्यवृत्तीकडे वळण्याआधी एक पथ्य: शिष्यवृत्तीचा पैसा उत्पन्नात धरू नका. तो परतावा म्हणून धरा. अर्ज होतो पावसाळ्यात, कॉलेजच्या लॉगिनवरून तो विभागाकडे जातो, आणि पैसे खात्यात पडेपर्यंत अनेकदा वर्षाची परीक्षा होऊन गेलेली असते. त्या पैशावर जूनची फी भरायचं गणित मांडलं तर ते कोसळणारच.

महाराष्ट्रात बहुतेक योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. त्यापुढे राज्याची फ्रीशिप. राखीव प्रवर्गात न मोडणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्नमर्यादा ८ लाख. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. शासननिर्णयातल्या ‘मुली’ या शब्दामुळे पस्तिशीच्या बाईने आपण यात येत नाही असं गृहीत धरून गप्प बसू नये. मूळ शासननिर्णय वाचावा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावं. आपली वर्षाला ४.८ लाखांच्या घरातली बाई बी.कॉम. करते आहे, म्हणून या शेवटच्या योजनेत ती बसत नाही. उद्या तिने कायद्याला प्रवेश घेतला तर चित्र बदलू शकतं.

प्रौढ अर्जदाराचा अर्ज अडतो तो पात्रतेवर कमी, कागदांवर जास्त. पहिला अडथळा नावाचा. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगचं. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर कधी त्यावर भागतं, नसेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. हे काम मे महिन्यातच उरकावं. दुसरा अडथळा खंडाचा. बारावी आणि प्रवेश यांत अठरा वर्षांचं अंतर असेल तर कॉलेज खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतं. त्यात मधल्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं लिहून द्यायचं असतं. घेतला असेल आणि अर्धवट सोडला असेल तर तेही खरं लिहावं, कारण जुन्या विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक आज ना उद्या समोर येतोच. तिसरा अडथळा उत्पन्नाच्या दाखल्याचा. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत साधारणपणे नवऱ्याचं उत्पन्न बघितलं जातं, जातीचा दाखला मात्र जन्माने, म्हणजे वडिलांकडून. सेतू केंद्रात रांगेत उभं राहण्याआधी कोणता दाखला कोणाच्या नावाचा हे पक्कं करून जावं.

आणि चौथा, ज्याचा पत्ता सगळ्यांत उशिरा लागतो: कोणतं खातं? थेट लाभाचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं त्या बँकेत जातात. अठरा वर्षांच्या मुलाचं एकच खातं असतं, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. चाळिशीच्या माणसाकडे मात्र जुन्या नोकरीचं पगारखातं, गॅसच्या अनुदानासाठी उघडलेलं, बचत गटाचं, मोबाइलवर कोणीतरी उघडून दिलेलं अशी चार-पाच खाती असतात. त्यांपैकी शेवटचं जोडलेलं कोणतं, हे आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून दोन मिनिटांत बघता येतं. ‘शिष्यवृत्ती आलीच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींची ती आलेली असते, फक्त विसरलेल्या खात्यात पडून असते.

वयाची अट कुठे आहे आणि कुठे नाही, हे फी भरण्याआधी शोधून ठेवावं. रेल्वेच्या विद्यार्थी पासाला ती आहे: सर्वसाधारण गटात पंचवीस, अनुसूचित जाती-जमातींसाठी सत्तावीस, संशोधकांसाठी पस्तीस. म्हणजे आपली बाई चिंचवडहून शिवाजीनगरला लोकलने गेली तर पूर्ण भाड्याचा पास काढणार, शेजारच्या सीटवर बसलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीचा सवलतीत. एसटीत मात्र महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. तिथे बोनाफाईड दाखवा, कॉलेजचा शिक्का आणा, काही भानगड नाही. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वयाची कमाल मर्यादा नाही. शाखेतला अधिकारी ‘या वयात?’ असं म्हणाला तर त्याला योजनेचा कागद दाखवायला सांगावं. महामंडळांच्या काही योजनांना वयाची अट असते, ती योजनेगणिक वेगळी.

कर्जाबद्दल बोलताना आपल्याकडे दोन टोकं असतात. एकाला कर्ज म्हणजे बदनामी वाटते, दुसऱ्याला ‘हप्ताच तर आहे’ वाटतं. मध्ये बसून आकडे मांडावेत. १४,००० च्या फीसाठी शैक्षणिक कर्ज काढण्यात अर्थ नाही. कागदपत्रांतच जीव जाईल. पण कोणी दोन वर्षांचं एम.बी.ए. किंवा बी.एड. करत असेल आणि दोन लाख लागणार असतील तर ते इतर कोणत्याही कर्जापेक्षा बरं. चार लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. सहकर्जदार लागतो; लग्न झालेल्याला जोडीदार किंवा आईवडील-सासूसासरे चालतात. अर्ज ‘विद्यालक्ष्मी’ पोर्टलवरून करता येतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत वरच्या मानांकनाच्या संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रम आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळासाठी व्याजात तीन टक्क्यांची सूट आहे. मात्र संस्था त्या यादीत हवी.

हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, एवढंच लोक ऐकतात. त्या काळात व्याज चालू असतं, हे कानाआड होतं. उदाहरण घेऊ. दरसाल दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षी एक लाख उचलले, दुसऱ्या वर्षी एक लाख. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि पुढचं एक, या तीन वर्षांत सरळ व्याज होतं पहिल्या लाखाचं तीस हजार आणि दुसऱ्याचं वीस हजार. म्हणजे हप्ते सुरू होतात तेव्हा कर्ज अडीच लाखांचं असतं. ते पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ५,३०० रुपये. तेच व्याज शिकताना दरमहा भरत गेलं, पहिल्या वर्षी ८३३ आणि पुढे १,६६७, तर कर्ज दोन लाखांवरच राहतं आणि हप्ता ४,२५० च्या आसपास येतो. शिवाय शिकताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. नोकरी करत शिकणाऱ्या माणसाला हे जमतं. प्रौढ विद्यार्थ्याकडे तरुणापेक्षा जास्त असलेली ही एक गोष्ट: दरमहा येणारा, लहान का होईना, पगार.

करातही एक गंमत आहे. मुलांच्या शिकवणी शुल्कावर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते, स्वतःच्या फीवर मिळत नाही. स्वतःसाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मात्र मिळते, आठ वर्षांपर्यंत, रकमेची कमाल मर्यादा न ठेवता. पण कर्ज बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचं हवं. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने यात बसत नाहीत, व्याज दिलं तरी.

शैक्षणिक कर्ज मिळत नाही, आणि जून तर तोंडावर आला. अशा वेळी काय करावं? माझा क्रम असा. आधी कॉलेजकडे हप्ते मागावेत. त्याला व्याज नाही. मग मालकाकडे उचल. दवाखान्याच्या डॉक्टरला आपल्याच रिसेप्शनिस्टने हिशेब शिकावा यात फायदा दिसू शकतो, आणि पगारातून महिन्याला हजार कापून घ्या असं सांगणं बँकेत जाण्यापेक्षा सोपं. मग बचत गट किंवा नोकरदारांची पतसंस्था. त्यानंतर सोनेतारण: व्याज वैयक्तिक कर्जाहून सहसा कमी, आणि दागिना मोडावा लागत नाही. भिशीबद्दल मी जरा कचरतो. बारा जणींची, ओळखीतली, दरमहा चिठ्ठी काढणारी भिशी जूनचा नंबर आधी ठरवून देत असेल तर उत्तम. पण बोली लावून उचलायच्या भिशीत जूनमध्ये सगळ्यांनाच पैसे हवे असतात आणि बोली चढते. एखाद-दोन जण मध्येच हात वर करून बसले तर दाद मागायला जागा नसते.

क्रेडिट कार्डवर फी भरून ‘किमान रक्कम’ भरत राहणं हा सापळा आहे. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. आणि गल्लीतला सावकार महिन्याला पाच टक्के सांगतो तेव्हा ते साठ टक्के होतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारण असेल तर वर्षाला पंधरा आणि तारण नसेल तर अठरा टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. जास्त मागणाऱ्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम सप्टेंबर २०२२ पासून आहेत: वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत सांगणारा कागद आधी दिला पाहिजे, पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, ठरावीक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि तुमच्या फोनमधली नावं-नंबर चाळता कामा नयेत. ‘संपर्कांना परवानगी द्या’ असं अ‍ॅपने विचारलं की तिथेच थांबावं.

आता कॉलेजकडे हप्ते मागण्याबद्दल, कारण हे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. चाळिशीच्या माणसाला मुलामुलींच्या रांगेत उभं राहून ‘मॅडम, फी जरा थांबून भरली तर चालेल का’ म्हणायची लाज वाटते. तोंडी विचारूच नये. प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज द्यावा: एकूण फी किती, आज किती भरतो, उरलेली कोणत्या तारखांना भरणार, आणि त्या तारखा का (पगाराची तारीख, बोनस, ठेवीची मुदत). सोबत पगाराची पावती. अर्जाची एक प्रत आवक-जावक टेबलावर शिक्का मारून परत घ्यावी. शेवटच्या तारखेच्या आधी आलेला असा अर्ज प्राचार्य सहसा नाकारत नाहीत. मुदत उलटल्यावर आलेल्या अर्जाचं मात्र ‘बघू’ होतं. बऱ्याच कॉलेजांत गरजू विद्यार्थ्यांसाठी साहाय्यता निधी असतो. तो मुलांसाठी असतो असं समजून प्रौढ विद्यार्थी त्याच्याकडे फिरकत नाहीत. ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली. पण दिवसाचे दोन-तीन तास काम आणि त्याचं मानधन हे वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला पुरतं. ज्याची आधीच नोकरी आहे त्याने त्याच वेळात एक शिकवणी घेतली तर जास्त मिळेल, त्यामुळे या योजनेवर मी फार भिस्त ठेवणार नाही. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला मंजूर केलेली फी संकेतस्थळावर बघावी. पावतीवर त्याहून जास्त असेल तर ती मागायचा त्यांना अधिकार नाही.

पुस्तकांवरचा खर्च सगळ्यात सहज कापता येतो, म्हणून त्यावर फार शब्द नकोत. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याचं किंग्ज सर्कल. आदल्या वर्षाच्या मुलांकडून निम्म्या किमतीत. नवीन अभ्यासक्रम लागू झालेल्या वर्षी मात्र जुनं पुस्तक घेण्याआधी अभ्यासक्रमाची प्रत ताडून बघावी.

सगळं करूनही पैसा संपतो. नवऱ्याची नोकरी जाते, सासूचं ऑपरेशन निघतं. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात: कॉलेजला जायचं बंद करतात. ना अर्ज, ना फॉर्म. हे सगळ्यात महागात पडतं. प्रवेश रद्द करायचा असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचं परताव्याचं वेळापत्रक आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज दिला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच हजार कापता येतात. अंतिम तारखेच्या आधीच्या पंधरा दिवसांत नव्वद टक्के, नंतरच्या पंधरा दिवसांत ऐंशी, पुढच्या पंधरा दिवसांत पन्नास. अंतिम तारखेनंतर महिना उलटला की शून्य. अनामत या हिशेबाच्या बाहेरची. ती पूर्ण परत मिळते. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही.

वर्षाच्या मध्ये अडचण आली असेल तर, जमेल तसं, निदान चालू वर्ष पूर्ण करावं. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षागणिक बाहेर पडायची सोय आहे. पहिल्या वर्षाचे चाळीस क्रेडिट आणि चार क्रेडिटचा एक कौशल्याचा अभ्यासक्रम झाला की प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ऐंशी आणि तसाच चार क्रेडिटचा अभ्यासक्रम झाला की पदविका, एकशेवीस झाले की पदवी. मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. म्हणजे आपल्या बाईला मुलीच्या बारावीसाठी दोन वर्षं थांबावं लागलं तर तिचं पहिलं वर्ष वाया जात नाही. पण त्यासाठी त्या वर्षाची परीक्षा दिलेली हवी, आणि तिची अ‍ॅकॅडमिक बँकेतली नोंद तिच्या आधारवरच्या नावाशी जुळलेली हवी. मध्येच सोडलेल्या सत्राला क्रेडिट नाही. म्हणून फेब्रुवारीत हातात शेवटचे दीड हजार असतील तर ते परीक्षेच्या फॉर्मला जावेत. पास, पुस्तकं, जास्तीचा क्लास हे सगळं त्यानंतर.

कर्ज घेतलं असेल तर एक तारीख आणखी लिहून ठेवावी: शिक्षण संपल्यानंतरच्या वर्षाचा शेवटचा महिना. नवी नोकरी लागो न लागो, पगार वाढो न वाढो, हप्ता त्या दिवशी सुरू होतो. नव्वद दिवस थकला की बँक खातं थकीत म्हणून नोंदवते. ती नोंद पतअहवालात उमटते आणि सहकर्जदार असलेल्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावरही जाते. हप्ता जड जाणार असं दिसत असेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत द्यावा, चालू उत्पन्नाच्या कागदासह, आणि त्याचीही पोच घ्यावी.